वावरातल्या प्लेटेत शिसं नको

सौर प्लेटांची एक नवी जात येऊ घातली आहे. तिचं नाव पेरोव्स्काइट. सिलिकॉनच्या प्लेटेवर तिचा पातळ थर चढवला की त्याच उन्हातून जवळपास सव्वापट वीज निघते, असे प्रयोगशाळांतले आकडे सांगतात. ते आकडे खोटे नाहीत आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या पेरोव्स्काइटमध्ये शिसं आहे ते कुंपण घातलेल्या, चौकीदार असलेल्या सोलर पार्कात खुशाल लावा. दर्यापूर-अकोटच्या वावरात, शेतकऱ्याच्या विहिरीवर ते नको. आणि हे टेंडर निघण्याआधी ठरलं पाहिजे.

यात मी का पडावं, तर दोन कारणं आहेत. अमरावतीत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि एम.एस्सी.च्या मुलांकडून मी वर्षानुवर्षं थिन फिल्मचे, म्हणजे अर्धवाहकांच्या पातळ थरांचे, प्रोजेक्ट करून घेतले. दुसरं कारण घरचं. धाकट्या भावाचं वावर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीतलं पाणी खारं, म्हणून त्याने शेततळं खोदलं आणि त्यावर सरकारी योजनेतला सौर पंप बसवला. पंप चांगला चालतो. रात्री बारा वाजता लाइट येईल म्हणून उठायचं, हे त्याच्या आयुष्यातून गेलं. सौर पंपाच्या विरोधात माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही.

पण वादळात त्याच्या पंपाचा सांगाडा वाकला आणि एक प्लेट फुटली. फुटलेली प्लेट जवळून पाहण्यासारखी असते. खिडकीच्या काचेसारखी ती सांडत नाही. सगळ्या अंगावर बारीक जाळी पडते आणि खालचं चिकट प्लास्टिक तुकड्यांना धरून ठेवतं. एक-दोन पावसाळे गेले की भेगांतून पाणी आत शिरलेलं दिसतं. चांदीच्या बारीक रेघांच्या कडेने तपकिरी डाग चढतात आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाणाऱ्या पट्ट्या करड्या पडतात. भावाने ती प्लेट शेळ्यांच्या गोठ्यावर टाकली आहे. पाऊस आला की तिच्या पागोळ्या खालच्या टाक्यात पडतात आणि शेळ्या तेच पाणी पितात.

मी विचारलं, "ही इथं काहून टाकली?"

"मंग कुठं टाकू ताई? कंपनीवाल्याले फोन लावला, त्यानं नवी प्लेट आणून बसवली. जुनी ने म्हटलं त म्हणते, आमच्याकडे तशी सोय नाई. भंगारवाला म्हणते, फ्रेम काढून दे, काच तुलेच राहू दे."

कंपनी कोणती ते राहू द्या, दुसरी असती तरी हेच झालं असतं. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला भाव आहे, तांब्याच्या वायरला भाव आहे. उरलेली काच, प्लास्टिक आणि सिलिकॉन ज्याचं त्याने सांभाळायचं. देशात याचा कायदा नाही असं नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांत सौर प्लेटा आल्या. उत्पादकांनी हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा, असं त्यांत लिहिलं आहे. साठवण्यासाठी आधी कोणीतरी तो वावरातून उचलायला हवा, तो उचलणारा गडी मात्र अजून गोठ्यापर्यंत पोचलेला नाही.

गोठ्यावरच्या त्या प्लेटेत शिसं आहे का? आहे. सिलिकॉनमध्ये नाही, पट्ट्यांच्या डाखात आहे. डाखाचं नेहमीचं मिश्रण म्हणजे साठेक टक्के कथील आणि चाळीसेक टक्के शिसं. एका प्लेटेत मिळून ते काही ग्रॅम भरतं, फार तर दहा-पंधरा. नव्या पेरोव्स्काइटचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो. त्याचा हिशोब मांडला तर चौरस मीटरमागे एक ग्रॅमही शिसं भरत नाही. म्हणजे नव्या थरातलं शिसं जुन्या डाखातल्यापेक्षा कमीच. या तंत्राचे पाठीराखे हा मुद्दा आवर्जून मांडतात, शिवाय घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे बोट दाखवतात. तिच्यात वीस किलोच्या वर शिसं असतं. गणित त्यांच्या बाजूचं आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण शिसं किती आहे याच्याइतकंच ते कोणत्या रूपात आहे हे महत्त्वाचं. डाखातलं शिसं धातूच्या रूपात, कथलाशी एकजीव झालेलं असतं, ते सावकाश झिजतं. पेरोव्स्काइटमधलं शिसं आयोडाइडच्या रूपात असतं. पाणी लागलं की हा काळा थर विस्कटतो आणि पिवळं लेड आयोडाइड उरतं. त्याचं पाऊण ग्रॅमच्या आसपास एका लिटर साध्या पाण्यात विरघळून जातं. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, असं आपलं भारतीय मानक म्हणतं. म्हणजे एक ग्रॅम विरघळलेलं शिसं एक लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेवर आणून ठेवतं.

बॅटरीचं उदाहरण तर उलट माझ्याच बाजूने बोलतं. वीस किलो शिशाला बाजारात भाव आहे, म्हणून जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि नवीच्या किमतीतून पैसे कापतो. ती वितळवण्याचे काही धंदे घाणेरडे आहेत, तो वेगळा विषय. पण बॅटरी वावरात पडून राहत नाही. प्लेटेतल्या ग्रॅमभर शिशासाठी कोण तेल्हाऱ्याला ट्रक पाठवणार?

२०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये चीन आणि युरोपातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी पेरोव्स्काइट मिसळलेल्या मातीत पुदिना लावला आणि पानांपर्यंत किती शिसं चढतं ते मोजलं. इतर मार्गांनी मातीत आलेल्या शिशापेक्षा पेरोव्स्काइटमधलं शिसं झाडात सुमारे दहापट सहज शिरतं, असं त्यांना आढळलं. आता आमच्या जमिनीचं पाहू. वऱ्हाडची काळी माती चिकण, चुनखडीयुक्त, सामू आठच्या आसपास. अशा मातीत शिसं सहसा घट्ट बसतं, ही जमेची बाजू. पण पूर्णेच्या काठाने अकोला, अमरावती, बुलढाणा असा जो खारपाणपट्टा पसरला आहे त्याच्या पाण्यात क्लोराइड भरपूर, आणि क्लोराइड शिशाला धरून पाण्याबरोबर फिरवू शकतं. यातलं कोण जिंकेल, हे चीनमधल्या कुंडीत ठरणार नाही. ते दर्यापूरच्या मातीतच मोजावं लागेल.

शिसं आपल्याला परकं नाही. मारुतीला लागणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. १९०१ साली जगदीशचंद्र बोस यांनी ज्या स्फटिकी शोधकाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज सल्फाइड, वापरत होता. १९०४ साली मिळालेलं ते पेटंट अर्धवाहक उपकरणांच्या पहिल्या पेटंटांपैकी एक मानतात. शिशाने विज्ञानाचं काम केलेलं आहे, पण प्रत्येक वेळी ते आधी घराघरांत पोचलं आणि मागाहून काढावं लागलं. देशात पेट्रोलमधून ते २००० साली गेलं. घरगुती रंगांवर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. २०२० च्या युनिसेफच्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करावी इतकं आहे. मुलांच्या मेंदूच्या बाबतीत शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच सापडलेली नाही. पेट्रोलच्या वेळीही प्रमाण थोडंच होतं.

मग शिशाला पर्याय काय? पहिला पर्याय कथील. आवर्तसारणीत ते शिशाच्या थेट वरच्या घरात बसतं, त्यामुळे स्फटिकात शिशाची जागा सहज घेतं. २००९ साली जपानमध्ये मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिशाच्या पेरोव्स्काइटची पहिली सौरपेशी केली, तिची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. पाच वर्षांनी कथलाच्या पेशी सहा टक्क्यांच्या आसपास आल्या, आज पंधराच्या घरात आहेत. अडचण हवेची. या स्फटिकातलं कथील हवा लागताच आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावतं आणि थर निकामी होतो. कथील निर्धोक आहे असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. २०१६ साली झेब्राफिश माशांवर झालेल्या प्रयोगात कथलाच्या आयोडाइडने पाणी इतकं आम्लधर्मी केलं, की मासे शिशाच्या आयोडाइडपेक्षाही जास्त दगावले. 'शिसेमुक्त' एवढी चिठ्ठी लावली की माल सुरक्षित झाला, असं समजू नये.

दुसरा पर्याय बिस्मथ आणि चांदीची जोडी. २०१६ पासून तिच्यावर बरंच काम झालं. हा स्फटिक टिकाऊ आहे, पण उन्हातला लाल भाग त्याला पकडताच येत नाही, त्यामुळे सौरपेशी म्हणून तो मागे पडला. क्ष-किरणांचे शोधक मात्र त्यापासून चांगले होतात. तिसरा अँटिमनीचा. त्याच्या सल्फाइड-सेलेनाइडच्या पेशींनी २०२० मध्ये दहा टक्क्यांची रेघ ओलांडली.

मला स्वतःला ज्याची ओढ आहे तो चौथा, केस्टराइट. पेरोव्स्काइटच्या कुळातला नसला तरी तोही पातळ थराचाच अर्धवाहक. त्यात लागणारं सगळं सामान वऱ्हाडातल्या जुन्या घरात सापडेल. पितळी हंड्यातलं तांबं आणि जस्त, त्याच हंड्याच्या कल्हईतलं कथील, आणि पिकावरच्या भुरीसाठी धुरळायला आणलेला गंधक. या चौघांचा स्फटिक दोन मायक्रॉन जाडीत ऊन पिऊन घेतो. आयबीएमच्या प्रयोगशाळेने, गंधकाच्या जोडीला सेलेनियम घेऊन, २०१३ मध्ये त्याची कार्यक्षमता १२.६ टक्क्यांवर नेली. पुढे जवळपास दशकभर तो आकडा हललाच नाही. कारण मोठं मजेशीर आहे. तांब्याचा आणि जस्ताचा अणू आकाराने जवळजवळ सारखे, त्यामुळे स्फटिक तयार होताना ते एकमेकांच्या जागेवर बसतात आणि विजेची वाट अडते. आता हा आकडा पंधराच्या जवळ गेला आहे. सिलिकॉनपुढे तो कमीच. पण शेतकऱ्याला धुऱ्यावर चार चौरस मीटर जागा जास्त गेली तर काय बिघडतं? पेरोव्स्काइट-सिलिकॉनच्या जोडीची चौतीस टक्के कार्यक्षमता मुंबईच्या गच्चीला हवी, उपग्रहाला हवी. वावरात जागेची टंचाई नाही, टंचाई आहे ती फुटकं उचलून नेणाऱ्याची.

इथे जाणकार वाचक विचारेल, की मग साधं सिलिकॉनच का नको? त्यात शिसं नाहीच, आणि डाखातलंही काढता येतं. अगदी बरोबर. बिस्मथ-कथलाचा डाख आहे, वीजवाहक चिकटद्रव्यं आहेत, वापरणारे कारखानेही आहेत. आजच्या घडीला वावरासाठी सर्वांत शहाणी प्लेट म्हणजे बिनशिशाच्या डाखाची सिलिकॉन प्लेट, हे मी कोणालाही सांगेन. मग नव्या पदार्थांच्या मागे का लागायचं? सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, त्याच्या वेफर आपण मुख्यतः चीनमधून आणतो आणि त्या बनवण्याची भट्टी अमरावतीच्या एमआयडीसीत कोणी टाकणार नाही. पातळ थर मात्र पाचशे-सहाशे अंशांच्या आत होतात, काही तर बीकरमधल्या कोमट पाण्यात.

हे बीकरचं काम महाराष्ट्राला चांगलं येतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीने थर चढवण्याची मोठी परंपरा आहे, आणि माने-लोखंडे यांचा २००० सालचा आढावा-लेख जगभरच्या थिन फिल्मवाल्यांनी वापरला आहे. आयआयटी मुंबईत २०१० पासून सौरपेशींचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथे प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने सिलिकॉन-पेरोव्स्काइटची जोडपेशी तीस टक्क्यांच्या जवळ नेली, ती शिशाची. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. अंगशुमन नाग यांचा गट बिनशिशाच्या स्फटिकांतून प्रकाश काढण्याचं काम करतो. आणि आमचा विदर्भ? नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत फॉस्फरवर, म्हणजे एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या भुकट्यांवर, कितीतरी वर्षं काम चाललं आहे. एलईडीचा पांढरा उजेड अशाच भुकटीतून येतो. म्हणजे हात तयार आहेत. काम कोणत्या दिशेला न्यायचं, एवढंच ठरायचं आहे.

एक जुनी बरणी आठवते. शिशाच्या सल्फाइडचा थर हा एम.एस्सी.च्या मुलांचा आवडता प्रयोग. लेड अॅसिटेट, थायोयुरिया आणि कॉस्टिक सोडा बीकरमध्ये घ्यायचा आणि काचेची पट्टी उभी ठेवायची. द्रावण आधी तपकिरी होतं, मग काळं, आणि तासाभरात काचेवर आरशासारखा करडा थर चढतो. मुलं खूश होतात. उरलेलं काळं पाणी मी झाकणाच्या बरणीत भरायला लावत असे, वर तारखेची चिठ्ठी. बरणी भरल्यावर ती कुठे पाठवायची हे कॉलेजात कोणालाच सांगता येईना. विचारलं तर पत्र द्या म्हणाले, पत्र दिलं तर वरून उत्तर आलं नाही. मी निवृत्त झाले तेव्हा अशा बरण्या धूरकपाटाच्या खालच्या खणात ओळीने उभ्या होत्या. शिकलेल्या माणसांच्या प्रयोगशाळेत शिशाची ही गत, तर माझ्या भावाने गोठ्यावर प्लेट टाकली यात त्याचा काय दोष? शेवटच्या काही वर्षांत मी मुलांना शिशाऐवजी अँटिमनी दिला. नारिंगी थर येतो, बीकर तेच, कष्ट तेवढेच.

आमच्या कॉलेजांतल्या संशोधनाबद्दल थोडं कडू बोलते. थर चढवायचा, क्ष-किरणांचा आलेख काढायचा, बढतीपुरता पेपर छापायचा आणि काचेची पट्टी कपाटात ठेवायची, असं फार झालं. त्या थराला वायर जोडून उन्हात ठेवणारे थोडे. आणि ऊन तर आमच्याकडे असं आहे, की २०२४ च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा अकोल्यात उष्णतेपायी १४४ कलम लावावं लागलं. प्रयोगशाळांतले कार्यक्षमतेचे आकडे २५ अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात दुपारी दोनला प्लेट सत्तरच्या आसपास तापते. युरोपात चौदा टक्के देणारा थर इथे किती देतो, आणि पाच उन्हाळ्यांनंतर किती देतो, हे सांगण्याची जागा अकोला-अमरावतीच आहे. त्यासाठी आयआयटीची वाट पाहायची गरज नाही, गच्ची आणि दोन चांगले मीटर पुरतात.

घाई कशासाठी, असंही कोणी म्हणेल. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये पेरोव्स्काइट-सिलिकॉन प्लेटांची पहिली व्यावसायिक खेप अमेरिकेला पाठवली. चीनच्या कंपन्या मागोमाग आहेत. दुसरीकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकरी दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचे शेतकरी पाच टक्के भरतात, बाकी सरकार देतं. दुरुस्तीची हमी विम्यासह पाच वर्षांची आहे, प्लेट मात्र पंचवीस वर्षं वावरात उभी राहणार. कमी किमतीत जास्त वॅट देणारी प्लेट आली की टेंडर तिच्याकडेच वळणार, कारण टेंडरमध्ये शिशाचा रकानाच नाही. युरोपनेही २०११ च्या घातक पदार्थांच्या कायद्यात कायम बसवलेल्या सौर प्लेटांना सूट देऊन ठेवली आहे. म्हणजे तिकडून अटकाव येईल, ही आशा धरू नये.

म्हणून महावितरणने पुढच्या टेंडरमध्ये दोन ओळी घालाव्यात. प्लेटेच्या मागच्या लेबलवर वॅट आणि व्होल्टच्या शेजारी शिसं किती ग्रॅम आणि कोणत्या रूपात, हे छापलेलं असावं. आणि जो नवी प्लेट बसवायला येईल त्याने फुटकी सोबत न्यावी, त्याशिवाय त्याचं बिल निघू नये. मातीतल्या शिशाच्या मोजणीचं काम अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने घ्यावं. १९६९ पासून ते या मातीचा अभ्यास करत आहे. एका गुंठ्यात काळी माती आणि एका गुंठ्यात खारपाणपट्ट्यातली माती घ्यायची. त्यात शिशाच्या पेरोव्स्काइटचे, कथलाच्या पेरोव्स्काइटचे आणि साध्या सिलिकॉनचे फुटके तुकडे वेगवेगळ्या वाफ्यांत टाकून एक पावसाळा जाऊ द्यायचा. रब्बीत त्यावर मेथी-पालक लावायचा आणि पानं तपासायची. यासाठी नवं यंत्र मागायची गरज पडू नये. मातीतलं जस्त आणि लोह मोजायला जे अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनचं यंत्र वापरतात, त्यात शिशाचा दिवा बसवला की त्याच यंत्रावर शिसं मोजता येतं.